श्वास सोडताना नाडी का मंदावते?

कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. गेल्या आठवड्यात बाकावर बसून ते भात्यासारखा भराभर श्वास घेत होते. थांबल्यावर मला म्हणाले, "पाच मिनिटं असं केलं ना, की रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो. प्राणायाम म्हणजे दुसरं काय असतं?" त्यांच्या खिशात कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर होता. तो लावूनच पाहिला. आधी ९७ होता, नंतर ९८. काकांना थोडं गरगरत होतं, बोटांना मुंग्या येत होत्या. त्यांच्या मते ती ऊर्जा होती.

हा गैरसमज ठाण्यातल्या प्रत्येक बागेत ऐकू येतो, म्हणून आधी तोच निकालात काढते. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ ते ९९ टक्के भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? आपण आत घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेतही साधारण १६ टक्के शिल्लक असतो. भराभर श्वासाने खरा घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्त जास्त अल्कधर्मी होतं, म्हणून मुंग्या येतात. शिवाय अशा रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजी देत नाही. म्हणजे काकांचा मेंदू त्या पाच मिनिटांत उलट जरा उपाशीच होता.

पतंजलींनी जास्त हवा घ्या असं कुठेच म्हटलेलं नाही. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात प्राणायामाची व्याख्या आहे 'श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः', म्हणजे श्वासाच्या धावण्याला खंड पाडणं. पुढच्याच सूत्रात या श्वासाला 'दीर्घसूक्ष्म' म्हटलंय. भराभर करायची कपालभाती हठयोगात शुद्धिक्रियांत मोडते, तो विषय वेगळा. मला सगळ्यात आवडतं ते पहिल्या पादातलं ३४ वं सूत्र: 'प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य', म्हणजे किंवा प्राण बाहेर सोडून आणि धरून. चित्त शांत करायच्या उपायांत श्वासाचा उपाय सांगताना पतंजली सुरुवात श्वास सोडण्यापासून करतात, घेण्यापासून नाही. आणि त्याआधी तीनच सूत्रं, ३१ व्यात, विचलित मनाच्या सोबत्यांची यादी आहे: दुःख, निराशा, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास.

सोडण्यावर भर का, हे मनगटावरच तपासता येतं. अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात.

हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, पेशींची एक छोटीशी गाठ असते, ती स्वतःच मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. मग आपली नाडी बसल्याजागी ७०-७२ कशी? कारण मेंदूच्या तळापासून निघालेली व्हेगस ही नस त्या गाठीवर सतत ब्रेक दाबून असते. हृदय प्रत्यारोपण करताना ही नस तुटते, म्हणून त्या रुग्णांची नाडी आराम करतानाही ९०-१०० च्या घरात राहते. हा ब्रेक रसायनाचा आहे. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस उद्दीपित केली, ते मंदावलं. मग त्याच्या भोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. त्याने गाठीतल्या पेशींची पोटॅशियमची दारं उघडतात, पेशी आणखी ऋणभारित होतात आणि पुढचा ठोका उशिरा पडतो.

आता श्वासाचा संबंध. व्हेगसचे हृदयाकडे जाणारे चेतापेशी-समूह मेंदूच्या तळाशी श्वासकेंद्राच्या शेजारीच आहेत. श्वास घेताना ते केंद्र त्यांना गप्प करतं, सोडताना ते पुन्हा बोलू लागतात. ॲसिटिलकोलीनचा निचरा करणारं विकर (एन्झाइम) इतकं तत्पर आहे, की ब्रेक ठोक्या-ठोक्याला लागतो आणि सुटतो. उच्छ्वास लांबवला की ब्रेकला जास्त वेळ मिळतो, एवढंच.

यात आणखी एक चक्र गुंतलेलं आहे. मानेतल्या धमनीत रक्तदाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते नाडी उतरवतात, घटला की चढवतात, पण निरोप जाऊन परिणाम दिसेपर्यंत काही सेकंद जातात. त्यामुळे या चक्राची स्वतःची लय साधारण १० सेकंदांची आहे. श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, तर दोन्ही लयी जुळतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो उंच जातो तसं. इटलीतल्या लुचिआनो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ मध्ये २३ जणांवर तपासलं, तेव्हा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हे दाबचक्र तल्लख झालं. जादू अक्षरांत असती तर दोन धर्मांच्या दोन मंत्रांचा परिणाम सारखा आला नसता.

म्हणून मी ठाणे स्टेशनच्या पुलावर, फास्ट लोकल डोळ्यांदेखत सुटल्यावर, कठड्याला टेकून नाकाने चार सेकंद घेते, सहा सेकंद सोडते. श्वास रोखत नाही. पाच-सहा वेळा केलं की खांदे खाली येतात. याने मधुमेह बरा होतो किंवा रक्तदाबाची गोळी बंद करता येते, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

काकांना हे दाखवायला मी दुसऱ्या दिवशी त्यांना नाडी धरायला लावली. त्यांना काहीच फरक कळेना. वयाबरोबर हा चढउतार कमी होतो, तो लहानांत सगळ्यात ठळक असतो. मग त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीला बोलावलं. तिने श्वास सोडायला सुरुवात केली आणि तिचं मनगट धरून बसलेले काका म्हणाले, "थांब, थांब. पुन्हा सोड बघू."