बंप स्टॉप आणि सस्पेन्शन ट्रॅव्हल

बंप स्टॉप : खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर उचलले जाताना ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा कणा) आणि चासी (गाडीचा सांगाडा) एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये बसवलेला लवचिक अडथळा. साध्या भाषेत हा रबरी गुटकाच. चाक अगदी खाली लोंबकळते त्या टोकापासून ते गुटका पुरता दाबला जातो त्या टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना चाक या अंतरात कुठेतरी मध्ये असते. तिथून वरच्या भागाला बंप आणि खालच्या भागाला ड्रूप म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत ही वाटणी आधीच ठरलेली असते. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी शमवणारी तेलाची नळी व दांडा), टायर किंवा चासी यांपैकी काहीही बदलले की ती नव्याने ठरवावी लागते. बदल केलेल्या ट्रकवर नेमके हेच काम सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

बहुतेक गोंधळाचे मूळ एका गैरसमजात आहे : गाडी उंच केली की ट्रॅव्हल वाढतो. तो वाढत नाही, फक्त उभे राहण्याची जागा बदलते. समजा, एकूण ट्रॅव्हल २०० मिमी आहे आणि गाडी बरोबर मध्यावर, म्हणजे १०० मिमी बंप आणि १०० मिमी ड्रूपवर उभी आहे. शॉकॲब्सॉर्बर तेच ठेवून ७५ मिमी उंच स्प्रिंग घातली, तर बंप १७५ आणि ड्रूप अवघा २५ मिमी होतो. आता चाक किरकोळ खड्ड्यात उतरले तरी शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन खट्‌कन आवाज येतो आणि त्याचे आतले वॉशर व बुश मार खातात. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) पिळून पुढची बाजू उचलली की हाच प्रकार घडतो. लोक मग ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणून तक्रार करतात. वास्तविक खालची चाल संपलेली असते.

‘जेवढी लिफ्ट (गाडीची वाढवलेली उंची) तेवढाच गुटका खाली आणा’ हा प्रचलित नियमही तपासून घेण्यासारखा आहे. फक्त स्प्रिंग उंच केली तर ॲक्सल वर जाऊन जिथे थांबायचा तिथेच थांबेल. त्या टोकाला मडगार्ड, चासी आणि टायर यांचे परस्परांतले अंतर बदललेले नाही. गुटका खाली आणण्याची खरी कारणे वेगळी असतात : टायर मोठे आहेत, नव्या शॉकॲब्सॉर्बरची मिटलेली लांबी जास्त आहे, किंवा नवी स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळे टेकून आधीच पक्की होते आहे. यांपैकी काहीच नसताना गुटका लांबवणे म्हणजे हाती असलेला ट्रॅव्हल फुकट घालवणे.

गुटका किती जाड आणि किती मऊ असावा हे ऊर्जेच्या हिशेबावरून कळते. एका ॲक्सलवर ६०० किलो भार आहे आणि तो २ मीटर प्रतिसेकंद वेगाने खाली येत आहे असे धरू. सुमारे २० सेंटीमीटर उंचीवरून पडल्यावर एवढा वेग येतो. त्याची गतिज ऊर्जा १२०० ज्यूल. ती सगळी गुटक्यानेच झेलायची असेल, तर ५० मिमी दबणाऱ्या गुटक्यावर सरासरी २४,००० न्यूटन बल येते. तोच थांबा १० मिमीमध्ये घडला तर बल १,२०,००० न्यूटन होते, म्हणजे सुमारे १२ टनांचा भार. चासीवरचे ब्रॅकेट सोलून निघणे, ॲक्सलचे हाउसिंग वाकणे, शॉकॲब्सॉर्बरची आयलेट (टोकाची कडी) तुटणे यांमागे बरेचदा हा दुसरा आकडा असतो.

भरीव रबर दबते म्हणजे कडेला फुगते, कारण त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. थोड्या अंतरात ते एकदम कडक होते. सूक्ष्म बुडबुडे असलेला पॉलियुरेथेन फोम आतली हवा दाबत जातो, म्हणून तो उंचीच्या बऱ्याच मोठ्या भागापर्यंत हळूहळू कडक होत जातो आणि फारसा फुगत नाही. त्याचे निमुळते टोक शोभेसाठी नसते, पहिला स्पर्श मऊ व्हावा म्हणून असते. गाडी खाली केल्यावर तेच टोक कापून टाकणारे लोक गुटक्याचा सर्वांत उपयोगी भाग फेकून देतात. तिसरा प्रकार हायड्रॉलिक बंप स्टॉपचा : साधारण ५० मिमी व्यासाची नळी, आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन, आणि ५० ते १०० मिमी चालीचा दांडा. रबर घेतलेली ऊर्जा बरीचशी परत उसळवते, तर इथे तेल झडपेतून जाताना ती उष्णतेत जिरते. वाळवंटी शर्यतींच्या ट्रकवर हे स्टॉप सर्रास दिसतात. सावकाश खडक चढणाऱ्या गाडीला मात्र चांगला फोम पुरतो.

जुळणीचे खरे काम स्प्रिंग काढून होते. चासी भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) टेकवायची, कॉइल स्प्रिंग पूर्ण काढायची (पाट्यांच्या गाडीत मुख्य पाटा ठेवून बाकीचे उतरवायचे, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो) आणि जॅकने ॲक्सल थोडा थोडा वर न्यायचा. कॉइल काढताना तिचा ताण आधी सोडवलेला असावा. दबलेली स्प्रिंग उसळली तर हात-पाय मोडू शकते. ॲक्सल वर जाताना पहिल्यांदा काय टेकते ते पाहायचे : टायर आणि मडगार्ड, स्टीअरिंगचा रॉड आणि चासी, डिफरन्शियल आणि ऑइल पॅन, की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणारा दांडा) आणि क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी). पुढची चाके सरळ ठेवून केलेली तपासणी अर्धवट असते. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती पुन्हा करावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा सर्वांत आखूड कुठे होतो तेही याच वेळी मोजतात. त्या टोकाला सांधा आत पूर्ण टेकला तर धक्का थेट गिअरबॉक्समध्ये जातो. शॉकॲब्सॉर्बरचा दांडा किमान १२ मिमी शिल्लक असताना गुटका पूर्ण दाबलेला असावा, नुसता टेकलेला नव्हे. फोमचा गुटका जॅकने शेवटपर्यंत दाबला जात नाही, म्हणून त्याची दबलेली उंची वेगळी धरावी लागते.

यात एक फसवी जागा आहे. गुटका चासीखाली, म्हणजे चाकाच्या बराच आत असतो. अखंड ॲक्सल (दोन्ही चाके एकाच कण्यावर) तिरपा झाला की टेकलेला गुटका टेकूसारखा वागतो आणि त्याच्या बाहेरचे चाक आणखी वर जाते. गुटका मध्यापासून ४५० मिमीवर आणि टायरचा मध्य ८०० मिमीवर असेल, तर १५ अंशांच्या तिरपेपणात ते चाक सपाट बंपपेक्षा (दोन्ही बाजू सारख्या वर असतानापेक्षा) सुमारे ९० मिमी जास्त वर चढते. दोन्ही बाजू सारख्या उचलून घेतलेले माप इथे तोकडे पडते. म्हणून एक चाक पूर्ण वर आणि दुसरे पूर्ण खाली, अशी तपासणी दोन्ही दिशांनी करतात. गुटका ज्या पट्टीवर आदळतो ती पट्टीही आडवी सरकते, कारण ॲक्सल सरळ रेषेत नव्हे तर कमानीत फिरतो. स्पर्श पूर्ण बंपला चौरस बसावा, मधल्या उंचीला तिरका दिसला तरी चालतो.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळे हलते) शॉकॲब्सॉर्बर खालच्या आर्मच्या मध्याकडे असतो, त्यामुळे चाकाची आणि दांड्याची चाल सारखी नसते. दांड्याच्या चालीचे चाकाच्या चालीशी गुणोत्तर ०.६ असेल तर चाकाच्या २०० मिमी चालीला दांडा १२० मिमीच सरकतो. अशा गाडीत खालची मर्यादा बहुधा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोलाकार सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा वाकणारा सांधा) यांच्या कोनावरून ठरते.

ड्रूप अडवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरकडे सोपवू नये. त्यासाठी नायलॉनचा अनेक पदरी पट्टा वापरतात. तो भाराखाली थोडा ताणला जातो, म्हणून मापापेक्षा किंचित आखूड घेतात. ब्रेकचे होज त्याच टोकाला, चाक पूर्ण वळवून, सैल राहतात का ते पाहणे अनिवार्य आहे. अखंड ॲक्सलला मध्यभागी एक पट्टा लावला तर तिरपेपणाला फारशी आडकाठी होत नाही.

बंप आणि ड्रूप यांची वाटणी कामावर अवलंबून असते : वेगाने उड्या घेणाऱ्या गाडीला बंप जास्त, खडकांवर चाक जमिनीला टेकवत जाणाऱ्या गाडीला जवळजवळ निम्मे-निम्मे. वाटणी जमली की नाही हे शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर आवळलेला केबल टाय सांगतो. नेहमीच्या वाटेवर फेरी मारल्यानंतर तो जिथे सरकलेला दिसेल तिथपर्यंत चाल वापरली गेली. टाय दरवेळी टोकाला जात असेल तर आधी स्प्रिंग आणि डॅम्पिंग (शॉकॲब्सॉर्बरचा उसळी शमवणारा अडसर) पाहावे, गुटका नंतर.

गाडी खाली करणाऱ्यांची अडचण उलटी असते. ॲक्सल आणि चासी यांत अंतरच उरत नाही, म्हणून चासीच्या पट्टीत सी-नॉच, म्हणजे कमानीसारखी खाच कापून ती जाड प्लेटने पुन्हा मजबूत करतात. स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या म्हणजे एअर बॅग असलेल्या ट्रकवर गुटक्याचे काम आणखी वाढते : हवा गेल्यावर सगळा भार त्याच्यावर येतो, आणि तो नसेल तर बॅगच चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये चिमटून फाटते.