कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन : लहान विमानांच्या इंजिनांतील निवड

पिस्टनवर चालणाऱ्या लहान विमानाच्या इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात पुरवण्याच्या दोन रीती आहेत. कार्बोरेटरमध्ये दोन्ही एकाच जागी मिसळतात आणि ते मिश्रण नळ्यांवाटे सगळ्या सिलिंडरांना जाते. इंजेक्शनमध्ये हवा वेगळी येते, पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी बारीक नोझलमधून सुटते. लायकमिंग कंपनीच्या ओ-३६० आणि आयओ-३६० या इंजिनांच्या नावांतला फरक हाच, ‘आय’ म्हणजे इंजेक्शन. मोटारींतून कार्बोरेटर कधीच गेला, म्हणून विमानातही तो टाकाऊ असे अनेकांना वाटते. हा समज अपुरा आहे. दोन्हींना आपापला धोका आहे, आणि आपण उडतो तिथे त्यातला कोणता आधी गाठेल हे पाहूनच निवड करावी लागते.

कार्बोरेटरचा धोका बर्फाचा. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि ती भोवतालची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. इथे मात्र तापमान एका झटक्यात २०-३० अंश सेल्सिअसने, प्रसंगी त्याहूनही जास्त उतरते आणि हवेतला ओलावा गळ्याला व थ्रॉटलच्या, म्हणजे आत जाणारे मिश्रण कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीला बर्फ होऊन चिकटतो. बाहेर २१ अंशांखाली तापमान आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता असली की शक्यता सर्वाधिक, पण त्याहून उबदार हवेतही बर्फ धरतो. पावसाळ्यातली कोकणपट्टी, २६-२७ अंशांची दमट हवा आणि उतरताना मिटलेला थ्रॉटल एवढे त्याला पुरते.

पाती स्थिर असलेल्या प्रोपेलरच्या विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा नकळत खाली सरकतो. वैमानिक कार्ब हीटची, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी, मूठ पूर्ण ओढतो, एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत येते. काटा आणखी उतरतो. वितळलेले पाणी आत जाऊन इंजिन खोकते, थरथरते. या क्षणी घाबरून मूठ परत ढकलणे ही सर्वांत मोठी चूक. धीर धरला की काटा हळूहळू चढू लागतो.

याच गारव्याचा फायदाही होतो, कारण गार मिश्रण दाट असते आणि त्यातून जास्त शक्ती मिळते. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसने मर्लिन इंजिनावर कार्बोरेटर ठेवला त्यामागे हा विचार होता. त्याची किंमत १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी मोजली. थेट इंजेक्शनचे डीबी ६०१ इंजिन असलेले जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट नाक झटकन खाली दाबून निसटे, आणि मागे लागलेल्या ब्रिटिश स्पिटफायरचे मर्लिन इंजिन पेट्रोल वर उसळल्यामुळे क्षणभर बंद पडे. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतील अभियंता बिॲट्रिस शिलिंग यांच्या भोक पाडलेल्या लहानशा चकतीने १९४१ मध्ये ही अडचण बरीचशी सुटली.

लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल या कंपन्यांच्या प्रचलित इंजिनांतले इंजेक्शन मोटारीसारखे संगणकावर चालत नाही. इंजिनानेच फिरणारा यांत्रिक पंप दाब देतो आणि नोझलमधून धार अखंड वाहते. गळ्यातला बर्फ इथे नाही. हवेचा फिल्टर गोठला तर हवेची दुसरी वाट उघडते. वाटणीही जास्त समान होते. कार्बोरेटरमध्ये काही सिलिंडरांना मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) तर काहींना घट्ट (पेट्रोल जास्त) मिळते, आणि सर्वांत पातळ सिलिंडर सांभाळताना बाकीच्यांत पेट्रोल वाया जाते.

इंजेक्शनची अडचण कळते ती उन्हात. एप्रिलच्या दुपारी बारामतीला किंवा नागपूरला विमान उतरते, पंधरा मिनिटे उभे राहते. कोंडलेल्या उष्णतेने सिलिंडरांवरून जाणाऱ्या काडीएवढ्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. स्टार्टर फिरतो, इंजिन दोन ठोके देते आणि गप्प होते. नवशिका थ्रॉटल, मिक्स्चर (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी मूठ), पंप सगळेच हलवत राहिला की इंजिन पेट्रोलने भिजते आणि बॅटरी उतरते.

सेस्ना १७२ या लहान विमानाचे उत्पादन १९८६ मध्ये थांबले तेव्हा तिला कार्बोरेटर होता. १९९६ मध्ये ती परत आली ती इंजेक्शनचे आयओ-३६० घेऊन. सेस्ना १५२ मात्र शेवटपर्यंत कार्बोरेटरवरच राहिली. पंख वर असल्यामुळे तिचे पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनापर्यंत येते, पंप लागतच नाही. जवळच्या जवळ फेऱ्या मारून शिकणाऱ्यांसाठी हा साधेपणा मोठा आहे. मात्र कार्ब हीट कधी ओढायची हे पहिल्या दिवसापासून हाताला लागले पाहिजे. लांबचे प्रवास करणाऱ्याने आणि कसरती करणाऱ्याने इंजेक्शनच घ्यावे.

हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनामध्येही हाच प्रश्न येतो. ९१२ यूएलएसला दोन बिंग कार्बोरेटर असतात आणि त्यांचा मेळ बिघडला की मंद गतीवर इंजिन हादरते. २०१२ मध्ये आलेल्या ९१२ आयएसचे इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला पेट्रोल कमी लागते, पण इंजेक्टर आणि पंप विजेवर चालतात, म्हणून नियंत्रक दोन आणि जनरेटरही दोन. त्यातला बिघाड शोधायला संगणक आणि तो वाचता येणारा तंत्रज्ञ लागतो. बिंगचा मेळ दोन व्हॅक्यूम गेज जोडून हँगरच्या दारातही जमवता येतो.