चुंबक चिकटत नाही म्हणून ती चांदीच, असे नव्हे

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुने पांढरे भांडे हाती आले, की विक्रेता त्याला चुंबक लावून दाखवतो आणि ते चिकटले नाही, म्हणून चांदी असल्याचे सांगतो. ही समजूत चुकीची आहे. चुंबकाला तांबे, पितळ, कथील आणि ॲल्युमिनियमही दाद देत नाहीत. त्यामुळे या परीक्षेने फार तर लोखंड वगळले जाते. जर्मन सिल्व्हर हे तर तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असून त्यात चांदी मुळीच नसते. ‘ईपीएनएस’ हा ठसा दिसला, तर आत बहुधा हीच धातू आणि वर केवळ चांदीचा मुलामा आहे, असे समजावे.

खरी माहिती ठशांतून मिळते. पोर्तुगीज भांड्यांवर 1938 पासून गरुडाच्या डोक्याचा ठसा आढळतो आणि शुद्धता अनेकदा 833 (म्हणजे हजारात 833 भाग चांदी) असते, 925 नव्हे. इंग्लिश स्टर्लिंगवर, म्हणजे 925 शुद्धतेच्या चांदीवर, चालणाऱ्या सिंहाचा ठसा असतो. अर्थात ठसेही नकली मारता येतात, म्हणून वजनाची साक्ष काढावी. भरीव वस्तू 210 ग्रॅम असेल आणि दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलल्यावर सुमारे 20 ग्रॅमने हलकी भरली, तर घनता 210 भागिले 20, म्हणजे पाण्याच्या 10.5 पट, अर्थात चांदीची. प्यूटर हे चांदीसारखे दिसणारे मिश्रण मुख्यतः कथलाचे, म्हणून त्याची घनता 7.3 च्या आसपास येते. जुन्या प्यूटरमध्ये शिसेही असू शकते, तेव्हा त्यात सोलकढी वाढू नये.