बर्कलीची गॅसबंदी आणि भाडेकरूचा गीझर

१६ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या कौन्सिलने हवामानबदल रोखण्यासाठी नव्या इमारतींना पाइपमधून येणाऱ्या गॅसची जोडणी बंद करायचं ठरवलं. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. बातमी गाजली, पण जुन्या घरांतला गॅस काढायचा खर्च कोणी सोसायचा, हा अवघड प्रश्न त्या ठरावात नव्हताच. नव्या इमारतीत अजून कुणी राहायला आलेलं नसतं, त्यामुळे भाडं कुणाचंच वाढत नाही. बर्कलीतली बहुतेक घरं मात्र जुनी आहेत आणि निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात.

कोण कुठे राहतं, हे तिथे फार आधी ठरून गेलं होतं. १९१६ साली एल्मवुड भागात एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर बांधायचा नियम आला. तीसच्या दशकात गृहकर्जासाठी जे सरकारी नकाशे निघाले, त्यांत सपाटीवरच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या, अशा दाखवल्या गेल्या. त्या काळात ग्रोव्ह स्ट्रीट ही जणू सीमारेषाच होती. तिच्या पूर्वेला, टेकडीच्या बाजूला, कृष्णवर्णीय किंवा आशियाई कुटुंबाला घर मिळणं जवळपास अशक्य होतं. (आज त्या रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे.) खालच्या बाजूला महामार्ग, कारखाने, जुने अपार्टमेंट आणि मुलांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त.

२००६ साली मतदारांनी प्रचंड बहुमताने ठरवलं, की २०५०पर्यंत शहराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन ८० टक्क्यांनी घटवायचं. त्यातून २००८मध्ये एक हुशार योजना निघाली : सौर पॅनेलसाठी पैसे नगरपालिका देणार आणि घरमालकाने ते २० वर्षांत मालमत्ता करातून फेडायचे. पुढे ही कल्पना अमेरिकेत इतर ठिकाणीही उचलली गेली. पण मालमत्ता कर भरतो घरमालक, त्यामुळे भाडेकरूला या योजनेत जागाच नव्हती. माझ्या मते पुढच्या सगळ्या वादाचं बीज इथेच आहे.

नोव्हेंबर २०२१मध्ये शहराने जुन्या इमारतींचं धोरण मंजूर केलं आणि त्यात समन्यायाचा मुद्दा पहिल्यांदा मध्यभागी आला. सर्व इमारती उशिरात उशिरा २०४५पर्यंत गॅसमुक्त करायच्या, पण कुणाला घर सोडावं लागता कामा नये.

अडचण कशी येते ते पाहा. लोकांना आधी शेगडी आठवते, पण घरातला बहुतेक गॅस पाणी आणि खोल्या तापवण्यात जातो. तो काढायचा तर गीझर आणि हीटर दोन्हींच्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारी विजेवरची यंत्रं, बसवावे लागतात. जुन्या घराचा मेन बोर्ड बऱ्याचदा १०० ॲम्पियरचा किंवा त्याहून कमी असतो, आतली वायरिंग कधी कधी दुसऱ्या महायुद्धाआधीची. मग लोड वाढवून घ्या, बोर्ड बदला, भिंती फोडा. हा खर्च मालक भाड्यातून वसूल करणार, किंवा दुरुस्तीच्या निमित्ताने भाडेकरूलाच बाहेर काढणार, ही भीती काही पोकळ नाही. उलट काहीच केलं नाही तरी गरिबाचीच पंचाईत. ऐपतवाले गॅस सोडत गेले, की पाइपलाइनच्या देखभालीचा खर्च मागे राहिलेल्या थोड्या ग्राहकांच्या बिलात वाटला जातो.

दरम्यान २०१९च्या बंदीवर कॅलिफोर्नियातल्या रेस्टॉरंट मालकांच्या संघटनेने खटला भरला होता. जिल्हा न्यायालयात ती हरली, पण एप्रिल २०२३मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. उपकरणांच्या ऊर्जावापराबाबत १९७५चा केंद्रीय कायदा असताना शहराला असा नियम करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२४मध्ये बर्कलीने तडजोड करून बंदी मागे घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात १५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या गॅसवर कर लावून त्या पैशातून इमारती गॅसवरून विजेवर आणण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. २००६मध्ये भरभरून कौल देणारं हेच शहर.

आता सूत्रं बरीचशी प्रादेशिक हवा मंडळाकडे, म्हणजे त्या भागातल्या हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेली आहेत. घरगुती गॅस गीझरची विक्री २०२७पासून आणि हीटरची २०२९पासून टप्प्याटप्प्याने थांबवायची, असा नियम मंडळाने मार्च २०२३मध्ये केला. त्याला आधार गॅस जाळल्याने हवेत मिसळणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषकाचा आहे, हवामानबदलाचा नाही. चालू असलेलं उपकरण काढायची सक्ती नाही. ते बिघडलं की मात्र मालकाला गॅसचं नवं विकत मिळणार नाही, आणि वायरिंगचा खर्च कोणी सोसायचा हा वाद दर वेळी त्या एका घरापुरता नव्याने उभा राहील.