जुन्या हायब्रिड गाडीतला बॅटरी मीटर आणि बॅटरीची तब्येत

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या स्क्रीनवर बॅटरीचं जे छोटं चित्र असतं आणि त्यात कांड्या वर-खाली होत असतात, तो चार्ज इंडिकेटर. आत्ता या घडीला मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीत चार्ज किती आहे एवढंच तो सांगतो. बॅटरी किती थकलीय, अजून किती वर्षं काढेल, हे त्यावर थेट कुठेच दिसत नाही. गाडी नवी असते तोवर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण आठ-दहा वर्षं झाली की घोळ सुरू होतो, सहा कांड्या दिसल्या की मालक खुश आणि दोन दिसल्या की गेली बॅटरी म्हणून धाबं दणाणतं, आणि दोन्ही वेळा अंदाज चुकलेला असू शकतो. जुन्या गाडीत कांड्या किती आहेत यापेक्षा त्या किती वेगाने हलतायत हे बघायचं असतं.

उदाहरण म्हणून टोयोटा प्रियस घेऊ, कारण म्हाताऱ्या हायब्रिड बॅटऱ्यांचा सगळ्यात जास्त अनुभव याच गाडीचा आहे. जपानमध्ये ती डिसेंबर १९९७ मध्ये आली, आणि जगभर गाजली ती २००३ ते २००९ ची दुसरी पिढी, अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांच्या दारातही एकेकाळी हीच उभी असायची. हिच्यात निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीची २८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे डबे, प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल, म्हणजे १६८ सेल एकापाठोपाठ एक जोडलेले आणि एकूण २०१.६ व्होल्ट. क्षमता साधारण १.३ युनिट फक्त, आजच्या बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये याहून मोठी बॅटरी असते.

स्क्रीनवर कांड्या आठ. पण आठही भरल्या म्हणजे बॅटरी १०० टक्के भरली असं नाही आणि खाली गेल्या म्हणजे रिकामी झाली असंही नाही, कारण बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून कॉम्प्युटर तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो आणि ६० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. त्यामुळे तब्येत चांगली असलेली प्रियस बहुतेक वेळ सहा कांड्यांवर दिसते. खूपच खाली गेली तर गाडी उभी असतानाही इंजिन आपोआप सुरू होऊन चार्जिंग करतं.

आता हा आकडा येतो कुठून? चार्ज थेट मोजायचं असं काही साधन नसतं. किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशोब ठेवायचा, त्याला व्होल्टेज आणि तापमानाची जोड द्यायची आणि अंदाज काढायचा. निकेलच्या बॅटरीची गंमत अशी की मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ५० टक्क्यांना आणि ६० टक्क्यांना फारसा फरक नाही, म्हणून नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही, हिशोबावरच भिस्त. बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो. टाकीत गाळ साचल्यासारखं होतं, काटा फुल्ल दाखवतो पण पाणी निम्मंच. मग थोडंसं चार्ज केलं की कांड्या भराभर वर, जरा पिकअप घेतला की भराभर खाली. सपाट रस्त्यावर काही मिनिटांत वरच्या हिरव्या कांड्यांवरून तळाच्या कांड्यांवर आणि परत वर असा झोका दिसायला लागला, आणि रोजच्याच रस्त्यावर तो दिसत राहिला, तर बॅटरी थकली समजा. सोबत इंजिन जास्त वेळ चालू राहतं, अॅव्हरेज पडतं, मागच्या सीटजवळचा पंखा जोरात घोंघावतो.

पण प्रत्येक चढउतार म्हणजे आजार नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना आठही कांड्या भरणारच, आणि भरल्यावर इंजिनचा आवाज वाढला तरी दचकू नका, जास्तीची वीज ठेवायला जागा नाही म्हणून गाडी इंजिन फिरवून ती जिरवत असते. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभं राहिलं तर कांड्या घसरणार, कारण एसीचा कॉम्प्रेसर याच बॅटरीवर चालतो. आणि सिग्नलला न्यूट्रल टाकायची आपल्याकडची सवय हायब्रिडमध्ये सोडावी, न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही.

खरी तब्येत बघायची तर ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, स्कॅनर किंवा ब्लूटूथ डोंगल लावून ब्लॉकचे व्होल्टेज बघायचे. दोन-दोन मॉड्यूलचा एक, असे प्रियसमध्ये १४ ब्लॉक. गाडी नुसती उभी असताना सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे उभ्या गाडीचे आकडे बघून कुणी एकदम बेस्ट आहे म्हणालं तर फार विश्वास ठेवू नका. जोरात पिकअप घेताना एखादा ब्लॉक इतरांपेक्षा जास्त बसतो का आणि चार्ज होताना तोच सगळ्यांच्या आधी वर उडतो का, हे बघायचं. दोन्ही होत असेल तर तो कमजोर. एक सेल मेला तर त्या ब्लॉकचं व्होल्टेज साधारण १.२ ने कमी दिसतं, आणि सगळे सेल एका माळेत असल्यामुळे एकटा तो पूर्ण पॅकला खाली ओढतो. फरक फार वाढला की वॉर्निंग लाइट लागते आणि पी०ए८० हा कोड येतो, म्हणजे पॅक बदला. सेकंडहँड गाडी घेताना लक्षात ठेवा, कोड पुसता येतो आणि लाइट काही दिवस गायब होते, म्हणून चांगली लांब चक्कर मारून, स्कॅनर लावूनच बघावं.

पंख्याचं वर आलंच आहे. बॅटरीला थंड हवा मिळते ती मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून, तिथे धूळ, कुत्र्याचे केस साचतात, कुणी पिशवी टेकवून ठेवतं, आणि बॅटरी भाजत राहते. मधली मॉड्यूल आधी तापतात आणि बऱ्याचदा आधी तीच जातात. जाळी आणि पंखा साफ करणं हा सगळ्यात स्वस्त इलाज, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

अजून एक गोंधळ १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. कॉम्प्युटर आणि रिले तिच्यावर चालतात, ती बसली की डॅशबोर्डवर नाना प्रकारच्या लाइटी लागतात, गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होत नाही आणि लोकांना वाटतं मोठी बॅटरी गेली. कांड्यांचा मीटर या छोट्या बॅटरीबद्दल काहीच सांगत नाही. लाखाच्या खर्चाची भीती घालणाऱ्या गॅरेजवाल्याला आधी हिचं व्होल्टेज मोजायला लावा.

पॅक खरंच गेला असेल तर नवा किंवा रिकंडिशन केलेला घालतात. फक्त खराब मॉड्यूल बदलून जुनंच दुसरं टाकायचा जुगाड स्वस्तात पडतो पण बाकीची मॉड्यूल तितकीच म्हातारी असतात, आज एक बदललं की पुढे दुसरं बसतं. नारिंगी वायरिंगला मात्र घरी हात लावू नये, तिच्यात २०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि बॅटरीचं कनेक्शन तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधला (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या डब्यातला) चार्ज उतरायला काही मिनिटं जातात.

होंडाच्या जुन्या सिव्हिक हायब्रिडमध्ये, जी भारतात २००८ मध्ये आली होती, लक्षण वेगळं दिसतं. चांगल्या भरलेल्या कांड्या काही सेकंदांत तळाला येतात. बॅटरी एका क्षणात रिकामी होत नाही, कॉम्प्युटरला कळलेलं असतं की आपला हिशोब चुकलाय आणि तो आकडा नव्याने मांडतो. कधीतरी झालं तर ठीक, वारंवार व्हायला लागलं तर क्षमता घटलीय.

नव्या गाड्यांपैकी टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (म्हणजे नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या मॉडेलमध्ये) लिथियम-आयन बॅटरी आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये मात्र अजूनही निकेलच, तेच १६८ सेल आणि तेच २०१.६ व्होल्ट, फक्त टोयोटाची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी अजून बहुतेकांची संपलेली नाही.