रॉक ऑपेरा

रॉक संगीतातील एक कथात्मक प्रकार. एका कथेतील पात्रे व प्रसंग धरून रचलेली गीते एका किंवा दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये क्रमाने येतात. यूरोपीय ऑपेरातील गायनसंवाद किंवा रंगमंच यांत असतोच असे नाही. पुष्कळदा एकच गायक अनेक पात्रे गातो. मराठी संगीत नाटकासारखे गद्य संवादही सहसा नसतात. कथेचे दुवे वेष्टनावरच्या मजकुरातून जुळवावे लागतात. केवळ एका विषयाभोवती फिरणारा अल्बम (उदा., पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७३) या प्रकारात धरू नये.

पहिला रॉक ऑपेरा कोणता, हा वाद मिटलेला नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा ‘टॉमी’ (मे १९६९) हे उत्तर रूढ आहे. मात्र ‘द प्रिटी थिंग्ज’चा ‘एस. एफ. सॉरो’ इंग्लंडमध्ये डिसेंबर १९६८ मध्येच निघाला होता. नायकाच्या जन्मापासून एकाकी वार्धक्यापर्यंतची सलग कथा त्यात आहे. अमेरिकेत तो ‘टॉमी’नंतर, १९६९ मध्ये आला आणि तेथे अनुकरण ठरला, हा अन्याय होता. कालक्रमाने मान ‘सॉरो’कडे जातो. ‘टॉमी’ त्यावरून सुचला, हे मत मात्र टिकणारे नाही. ‘द हू’चा गिटारवादक व प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड याने १९६६ मध्येच सुमारे नऊ मिनिटांची, अनेक तुकड्यांची एक कथा गाण्यात बांधली होती. १९६७ च्या अल्बममधील ‘राएल’ या रचनेतले स्वरवाक्य तर ‘टॉमी’च्या ‘स्पार्क्स’ आणि ‘अंडरचर’ या वाद्यरचनांत जवळजवळ तसेच ऐकू येते. म्हणजे घडण घरचीच होती. निर्माता किट लँबर्ट हा संगीतकार कॉन्स्टंट लँबर्टचा मुलगा. ऑपेराच्या घाटाचा आग्रह बराचसा त्याचा होता.

‘टॉमी’चा महाराष्ट्राशी खरा संबंध आहे. टाउनशेंड १९६८ च्या सुमारास मेहेरबाबांचा (१८९४–१९६९) अनुयायी झाला. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांची समाधी अहमदनगरजवळ (आता अहिल्यानगर) मेहेराबाद येथे आहे. अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून त्यांचे नाव छापलेले आहे. १० जुलै १९२५ पासून त्यांनी पाळलेल्या मौनाशी मुक्या, बहिऱ्या, आंधळ्या नायकाचे नाते लावले जाते. ते जपूनच स्वीकारावे. मौन हे स्वेच्छेचे व्रत होते. टॉमीचे मूकपण आघातातून आलेले आहे: आरशात दिसलेल्या खुनानंतर ‘तू काही पाहिले नाहीस, ऐकले नाहीस’ असे त्याला बजावले जाते. मेहेरबाबांच्या शिकवणीचा ठसा इंद्रिये बंद असताना त्याला येणाऱ्या अंतर्गत अनुभवांच्या चित्रणात अधिक स्पष्ट दिसतो. उत्तरार्धात तो गुरू होतो आणि अनुयायीच त्याच्यावर उलटतात. हा भाग आजही अस्वस्थ करणारा आहे.

‘द किंक्स’चा ‘आर्थर’ही १९६९ चाच. पुढे ‘द हू’चा ‘क्वाड्रोफेनिया’ (१९७३), जेनेसिसचा ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ (१९७४) आणि पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ (१९७९) हे महत्त्वाचे अल्बम आले. ‘टॉमी’वर १९७५ मध्ये केन रसेलने चित्रपट काढला, १९९३ मध्ये तो ब्रॉडवेच्या रंगमंचावर आला. ग्रीन डे या बँडच्या ‘अमेरिकन इडियट’ने (२००४) हा घाट नव्या पिढीपुढे आणला.