उतारवयासाठी बैठे घर (ग्रामीण विदर्भ)

म्हातारपणी जिना न चढता आणि कमीत कमी पायऱ्या-उंबरठे ओलांडून वावरता यावे, अशा बेताने बांधलेले एकमजली घर. विदर्भातील खेड्यांत घरे पूर्वीपासून बहुधा बैठीच असतात: पुढे ओसरी, मागे सांदवाडी (परसू), मातीच्या जाड भिंती, वर कवेलू (मातीची कौले). त्यामुळे येथे खरी अडचण मजल्यांची नसून जोत्याची, म्हणजे घराखालच्या उचललेल्या चौथऱ्याची आहे.

पश्चिम विदर्भातील काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल, तुंबलेले पाणी, साप-विंचू यांपासून बचावासाठी जोते दीड-दोन फूट उचलतात आणि नेमके तेच दुखऱ्या गुडघ्यांना नडते. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असा दंडक आहे. म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांबी लागते. एवढे अंगण सगळ्यांकडे नसते, म्हणून रॅम्प ओसरीच्या कडेने वळवून घेतात. तो थेट काळ्या मातीवर ओतला तर दोन-तीन पावसाळ्यांत घरापासून सुटतो. त्याखालची माती काढून मुरूम भरून ठोकावा लागतो. त्याहून सोपे म्हणजे अंगणातच मुरमाची भर घालून ते घरापासून बाहेरच्या बाजूला उतरते ठेवणे. जोते अर्धा फूट तरी वर राहिले पाहिजे; मग धरायला कठडा असलेली एखादी बुटकी पायरी पुरते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते. नव्या सिमेंटच्या बैठ्या घरात तापलेला स्लॅब थेट डोक्यावर असतो आणि रात्रभर उष्णता सोडतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौ. मी. आहे, तेवढ्यात ओसरीला जागा उरत नाही, ही मोठी उणीव. कवेलू थंड खरे, पण वानरे ते फोडतात आणि दरवर्षी फेरायला, म्हणजे काढून पुन्हा रचायला, सत्तरीत छपरावर कोण चढणार? स्लॅबला दर उन्हाळ्यात चुना मारणे, पश्चिमेला कोठीची खोली किंवा कडुनिंब आणि निजायची खोली पूर्व-उत्तरेला हा व्यवहार्य मार्ग. कूलर बुटक्या स्टँडवर असावा, म्हणजे पाणी भरताना बादली उंच उचलावी लागत नाही. त्याचे सांडपाणी मात्र चालवाटेवर येऊ नये. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात गांधीजी १९३६ मध्ये, वयाची ६६ वर्षे पूर्ण झाल्यावर राहायला आले. माती, बांबू व कवेलूंच्या तेथील बैठ्या कुट्या या हवामानाला साजेशा बांधणीचे नमुने म्हणून पाहण्यासारख्या आहेत.

संडास सांदवाडीच्या टोकाला असणे ही जुन्या घरांतील सर्वांत धोक्याची गोष्ट. तो निजायच्या खोलीला लागून हवा. दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारे असावे, नाहीतर आत पडलेल्या माणसामुळेच ते अडते. कमोड सुमारे १८ इंच उंच, भिंतीत पक्का धरदांडा, खरखरीत फरशी. भारतीय बैठकीवर ठेवायची लोखंडी कमोड-खुर्चीही चालते.

ओसरी बाज मावेल इतकी रुंद ठेवावी आणि जाळीने कोंडू नये. रस्त्याने जाणारा-येणारा दिसणे म्हाताऱ्यांना हवे असते. बंगई (झोपाळा) हौसेची, पण तिच्यावरून उठताना तोल जातो.

जुन्या घरातील लाकडी उंबरठा पूजेचा असल्याने बहुतेक कुटुंबे काढत नाहीत. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी उतरत्या फळ्या ठोकल्या की पायही अडत नाही आणि उंबरठाही राहतो.